बाटली सोडवून फुलपात्राने प्यायला शिकवताना

पाळणाघरात नवीन मूल आलं की त्याच्या पिशवीत काय काय आहे ते मी आईसमोरच बघून घेते. कपड्यांचे दोन जोड, पंचा, खाऊचा डबा आणि बहुतेक वेळा दुधाची बाटली. मूल दीड वर्षाचं असेल आणि बाटली निघाली तर मी विचारते, "घरी पाणी कशाने पितं?" उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. "काकू, पाणीसुद्धा बाटलीनेच. ग्लास तोंडाला लावला की सगळं अंगावर."

ठाण्यात नौपाड्याला मी १४ वर्षं पाळणाघर चालवतेय. इतक्या वर्षांत मला एकही असं मूल भेटलं नाही, की ज्याला भांड्याने पिता येणारच नाही. उशीर झालेली मात्र पुष्कळ भेटली, आणि त्यातल्या बहुतेकांच्या घरी एकच गोष्ट झाली होती. ग्लास दिला, सांडलं, सगळे घाबरले, आणि परत बाटली आली. ज्यांचं पहिलं मूल आहे, घरात सांगायला मोठं माणूस नाही, त्यांच्यासाठी हे सगळं नीट लिहून काढतेय.

आधी भांडं

दुकानात जायच्या आधी घरातली मांडणी बघा. लहान फुलपात्र, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून आलेलं छोटं स्टीलचं भांडं, नाहीतर उष्टावणाला आजोळहून आलेली आणि तेव्हापासून कपाटात पडून असलेली चांदीची वाटी, यातलं काहीतरी सापडेलच. मुलाच्या दोन्ही तळव्यांत मावेल एवढं भांडं हवं. फार हलकं नको, कारण हलकं भांडं हातात डुगडुगतं. काठ बाहेरच्या बाजूला वळलेला आणि गुळगुळीत हवा. काठावरून स्वतःचं बोट फिरवून बघा. बोटाला टोचला तर ओठालाही टोचणार. विकत घ्यायचंच असेल तर जांभळी नाक्याला बाजारात जाताना मुलालाही घेऊन जा आणि त्याच्या हातात धरायला देऊन मगच घ्या.

काचेचा ग्लास या वयात नको. तांब्याच्या भांड्यात दूध, ताक किंवा लिंबाचं काही ठेवू नका. प्लॅस्टिकच्या कपात गरम दूध ओतू नका.

आता सिपरबद्दल. चोचीचा, न सांडणारा सिपर बहुतेक आईबाबा बाटलीनंतरची पायरी म्हणून आणतात. पण तो सांडत का नाही, हे एकदा उघडून बघा. आत रबराचा किंवा सिलिकॉनचा व्हॉल्व्ह असतो. जोर लावून चोखल्याशिवाय त्यातून थेंब येत नाही. म्हणजे मूल बाटलीला जे करत होतं तेच इथेही करतं, फक्त टोपणाचा आकार बदलतो. ओठ काठाला लावायचे, थोडंसंच तोंडात घ्यायचं, ओठ मिटायचे आणि मग गिळायचं, यातलं काहीच सिपरने शिकून होत नाही. पुढे सिपर सोडवायचा म्हणजे पुन्हा नव्याने सगळं. आणलाच असेल तर व्हॉल्व्ह काढून टाका. थोडं सांडेल, पण उपयोग होईल. माझ्या मते चोचीचा सिपर गाळून सरळ फुलपात्रावर आलेलं बरं. प्रवासासाठी स्ट्रॉची बाटली ठेवावी, तिच्याबद्दल पुढे लिहिते.

वेळ कधीची धरायची

सहा महिने पूर्ण होऊन वरचं खाणं सुरू झालं की जेवणाबरोबर एक-दोन घोट पाणी भांड्याने देता येतं. त्याआधी पाणी नको. या वयात पोट भरण्याचा प्रश्न नसतो, नुसती ओळख करून द्यायची असते. वर्षाच्या आसपास बरीच मुलं दोन्ही हातांनी भांडं धरून, सांडत का होईना, पितात. बाटली १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान पूर्ण सुटावी असं अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचं सांगणं आहे. जागतिक आरोग्य संघटना तर सुरुवातीपासूनच बाटलीऐवजी वाटी-चमचा सुचवते. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने दूधबाटलीच्या जाहिरातीला बंदी आहे. आपल्या आज्या बोंडल्याने नाहीतर वाटीने दूध पाजायच्या, तेव्हा हे काही बाहेरून आलेलं खूळ नव्हे.

अंगावरचं दूध चालू असेल तर ते चालू द्या. दोन वर्षं आणि पुढेही ते देता येतं. इथे सोडवायची आहे ती बाटली.

ताप, जुलाब, सर्दी असताना सुरुवात करू नका. घर बदलताय, आई नुकतीच कामावर रुजू झालीय, पाळणाघराचा पहिला आठवडा आहे, अशा वेळीही नको. मुलाला एका वेळी एकच बदल पुरे.

पहिला आठवडा: फक्त घोट

मुलाला सरळ बसवा. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट नाहीतर उशी द्या. पायाला आधार असला की पाठ आणि मान स्थिर राहते, आणि मान स्थिर असली की गिळणं सोपं जातं. मांडीवर आडवं घेऊन भांड्याने पाजायचं नाही. लाळेरं बांधा, खाली जुनी सुती साडी अंथरा. साडी अंथरली की सांडण्याची भीती तुमच्याच मनातून जाते, आणि मुलाला ते लगेच कळतं.

भांड्यात दोन चमचे पाणी घ्या. खरंच दोनच चमचे. अर्धं भरलेलं भांडं तोंडाशी नेलं की मूल ते एकदम कलतं करतं, सगळं नाकातोंडावर येतं, ठसका लागतो आणि दुसऱ्या दिवशी भांडं बघूनच तोंड फिरवतं.

पुढचं अगदी सावकाश करायचं आहे. मुलाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा. आधी तुम्ही तुमच्या भांड्यातून एक घोट घ्या, त्याला बघू द्या. मग त्याचं भांडं त्याच्या खालच्या ओठावर टेकवा, दातांवर नाही आणि जिभेवरही नाही. आता भांडं एवढंच कलतं करा, की पाणी काठापर्यंत येऊन थांबेल. तोंडात ओतायचं नाही. पाणी काठाशी आलं की मूल वरचा ओठ खाली आणतं, तो पाण्याला लागतो आणि ते थोडं ओढून घेतं. मी मुलांच्या त्या वरच्या ओठाकडेच बघत असते. पहिल्या दिवशी तो हलतसुद्धा नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माशासारखा पुढे येतो. तो पुढे आला की समजा, काम झालं. एक घोट झाला की भांडं खाली घ्या. गिळू द्या, श्वास घेऊ द्या. मग दुसरा. तीन-चार घोट झाले की त्या वेळेपुरतं पुरे.

काही मुलं भांड्याचा काठ दातांनी घट्ट धरून ठेवतात. आया घाबरतात, पण तो हट्ट नसतो. जबडा अजून हवेत स्थिर धरता येत नाही, म्हणून मूल काठाचा आधार घेतं. ओढून काढू नका. थांबा, सोडेल. काही आठवड्यांत ही सवय आपोआप जाते.

पाण्याने जमत नसेल तर थोडं दाट काहीतरी देऊन बघा. पाणी पटकन धावत येतं, मुलाला सावरायला वेळ मिळत नाही. भाताची पेज, मुगाचं कढण किंवा नाचणीची सरबरीत खीर हळू सरकते, तेवढ्यात ओठ मिटायला वेळ मिळतो. पाळणाघरात अडलेल्या मुलांना मी हटकून पेजेपासून सुरुवात करते. वर्षाच्या आतलं मूल असेल तर त्यात मीठ, साखर, मध काही घालू नका.

आंघोळीच्या वेळी दोन छोटी भांडी खेळायला द्या. एकातून दुसऱ्यात ओतणं, अंगावर ओतून घेणं, हे मनगटाचं शिक्षण आहे. भांडं किती कलतं केल्यावर किती पाणी येतं, हे मूल तिथेच शिकतं आणि कोणी रागावतही नाही. फक्त ते पाणी तोंडात जाणार नाही याकडे लक्ष ठेवा आणि मुलाजवळून हलू नका.

बाटल्या एकेक करून कमी करा

मूल आठ-दहा घोट सहज घ्यायला लागलं की दुधाकडे वळा. दिवसाच्या बाटल्या मोजा. समजा चार आहेत: सकाळी उठल्यावर, दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना. ज्या बाटलीवर मुलाचा सगळ्यात कमी जीव आहे ती आधी बंद करा. बहुतेकांच्या बाबतीत ती दुपारची असते. त्या वेळी दूध फुलपात्रात द्या, बरोबर पोळीचा तुकडा किंवा केळं द्या. चार-पाच दिवस हे नीट चाललं की संध्याकाळची. मग सकाळची. झोपतानाची सगळ्यात शेवटी.

एकदम सगळ्या बाटल्या उचलून ठेवाव्यात असंही काही जण सांगतात, आणि काही मुलांना ते चालतंही. पण एक प्रसंग मी विसरलेले नाही. पावणेदोन वर्षांचा एक मुलगा होता. घरच्यांनी रविवारी सगळ्या बाटल्या माळ्यावर टाकल्या. सोमवारी माझ्याकडे आला तेव्हा त्याने आदल्या संध्याकाळपासून जेमतेम घोट-दोन घोट घेतले होते. दुपारी बारा वाजता डायपर कोरडा. मी त्याला वरणाचं पाणी चमच्याने दिलं, दही दिलं, कलिंगडाच्या फोडी दिल्या, तेव्हा कुठे दोन वाजता शू झाली. त्याच्या आईला फोन करून सांगितलं, "आज बाटली द्या, काही बिघडत नाही. दोन आठवडे थांबून पुन्हा सुरू करू, एकेक करून." मग महिन्याभरात सुटली. बाटली बंद करताना आधी शू मोजा. सहा ते आठ तास शू नाही, तोंड कोरडं, रडताना डोळ्यांत पाणी नाही, मूल मलूल झालंय, असं दिसलं तर प्रयोग थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा.

भांड्याने दूध कमी जातंय ही तक्रार प्रत्येक आईची असते. वर्षानंतर दिवसाला साधारण अर्धा लिटर दूध पुरेसं होतं. उलट बाटलीने लिटरभर दूध पिणारी मुलं जेवत नाहीत आणि त्यांना लोह कमी पडतं. माझ्याकडे आलेली फिक्कट, किरकिरी, "काहीच खात नाही हो" अशी मुलं बरेचदा दिवसाला पाच-पाच बाटल्या पिणारी निघाली आहेत. काही दिवस दूध थोडं कमी गेलं तर दही, पनीर, खीर द्या. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणून नाचणीची खीर किंवा धिरडं घरात असू द्या. दुधाला पर्याय म्हणून फळांचा रस मात्र नको. वर्षाच्या आत तो देऊच नये आणि नंतरही फळ चावून खाल्लेलं चांगलं.

भांड्यातलं दूध प्यावं म्हणून त्यात साखर किंवा चॉकलेटची पावडर घालण्याचा मोह होतो. एकदा गोड दिलं की साधं दूध कायमचं नको होतं. दूध कोमट करून द्या, बाटलीत असायचं तेवढंच कोमट. पुष्कळ मुलं भांड्याला नाही, थंड दुधाला नकार देत असतात. आणि साय गाळून घ्या. ओठाला साय चिकटली की मूल भांडं ढकलून देतं.

रात्रीची बाटली

इथे मला थोडं जास्त लिहायचं आहे.

माझी धाकटी मुलगी दोन वर्षांची होईपर्यंत बाटली तोंडात धरून झोपायची. तेव्हा मी दादरला नोकरीला होते. ठाण्याला उतरून घरी येईपर्यंत आठ वाजायचे, स्वयंपाक व्हायचा, आणि बाटली दिली की ती पाच मिनिटांत झोपते याचं मला हायसं वाटायचं. एक दिवस तिच्या वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीला लागून, खडूसारखी पांढरी रेघ दिसली. मला वाटलं दूध वाळलंय. नखाने खरवडलं, निघेना. काही महिन्यांत तिथेच तपकिरी झालं आणि दात कडेने झिजायला लागले. झोपेत लाळ कमी सुटते, दूध दातांभोवती साचून राहतं आणि त्यातल्या साखरेवर जंतू आम्ल तयार करतात. खालच्या दातांवर जीभ असते म्हणून ते वाचतात, कीड वरच्या दातांना आधी लागते. दुधाचे दात पडणारच आहेत असं म्हणून सोडून देऊ नका. दुखणं आत्ताच होतं, आणि चावायला याच दातांची गरज असते. शिवाय आडवं पडून बाटली प्यायल्याने कानाला संसर्ग होण्याचा धोकाही वाढतो.

रात्रीची बाटली सोडवताना दूध आधी झोपेपासून वेगळं करा. निजायच्या अर्धा तास आधी, दिवा चालू असताना, स्वयंपाकघरात किंवा बाहेरच्या खोलीत बसवून फुलपात्राने दूध द्या. मग दात घासा. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट पुरे. नंतर अंथरूण. बाटलीशिवाय झोपायचं कसं, हा मुलाचा खरा प्रश्न असतो, त्याला भूक नसते. बाटलीची जागा दुसऱ्या कशाने तरी भरा. पाठीवर थोपटणं, तीच ती एक अंगाई, जुन्या साडीचं मऊ दुपटं. रोज तेच आणि त्याच क्रमाने. मूल फारच अडून बसलं तर काही रात्री बाटलीत नुसतं पाणी द्या. दूध नाही म्हटल्यावर बऱ्याच मुलांचा रस आपोआप कमी होतो. मध्यरात्री उठलं तर उठवून बसवा आणि पाण्याचे दोन घोट फुलपात्राने द्या.

तीन-चार रात्री रडारड होते. शेजारच्यांना आधी सांगून ठेवा. आपल्या इमारतींत भिंतीपलीकडे सगळं ऐकू जातं, आणि रात्री एक वाजता कोणी दार वाजवेल या धास्तीनेच बाटली पुन्हा येते. सांगितलं की लोक समजून घेतात.

घरातल्या सगळ्यांचं एकमत

आई संध्याकाळी फुलपात्र देते आणि आजी दुपारी गुपचूप बाटली, असं चाललं तर मूल महिनोन्‌महिने शिकत नाही. सासूबाई गावाहून आल्या असतील तर त्यांना वगळून काही करू नका. उलट हे काम त्यांच्याकडेच द्या. "आई, तुम्ही यांना कशाने पाजायचात?" एवढं विचारा. वाटी-चमच्याने पाजायचा त्यांचा हात तुमच्यापेक्षा तयार असतो. पाळणाघरातही स्पष्ट सांगा की दुपारची बाटली बंद केली आहे, आणि घरातलं आहे तसंच भांडं तिकडेही पाठवा.

बाहेर जाताना स्ट्रॉ

घोडबंदर रोडला खड्ड्यांतून चाललेल्या रिक्षात उघडं भांडं चालणार नाही. तलावपाळीला नाहीतर उपवनला फिरायला गेलात तर फुलपात्र आणि पाण्याची वेगळी बाटली नेता येते, बाकावर बसवून पाजता येतं. ट्रान्सहार्बरच्या गाडीने ऐरोली-वाशीला जायचं असेल तर स्ट्रॉची बाटली बरी.

स्ट्रॉ शिकवायची सोपी रीत अशी. स्ट्रॉ पाण्यात बुडवा, वरचं टोक बोटाने बंद करा आणि उचला. आत थोडं पाणी अडकून राहतं. खालचं टोक मुलाच्या ओठांत द्या. ओठ मिटले की बोट किंचित उचला, पाणी तोंडात येतं. असं पाच-सहा वेळा केलं की मूल स्वतः ओढायला लागतं. स्ट्रॉ ओठांत फक्त टोकाला धरली जायला हवी. जिभेवर लांबवर गेली तर मूल पुन्हा चोखायलाच लागतं. लांब असेल तर कापून आखूड करा.

स्ट्रॉ, चोच, भांडं, काहीही तोंडात असताना मुलाने पळायचं नाही. पडलं तर टाळूला लागतं. प्यायचं ते बसूनच, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा.

धुण्याचंही सांगते. फुलपात्र घरच्या भांड्यांबरोबर घासलं की झालं. स्ट्रॉच्या बाटलीचा प्रत्येक भाग सुटा करून, बारीक ब्रशने आतून घासून, पूर्ण वाळवून मगच जोडायचा. ठाण्याच्या पावसाळ्यात हे भाग दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि सिलिकॉनच्या खाचेत काळे ठिपके येतात. ते बुरशीचे असतात. घासून गेले नाहीत तर तो भाग टाकून द्या. पंख्याखाली कोरड्या पंचावर पालथे घालून ठेवलेले भाग लवकर वाळतात.

कुठे थांबून विचारायचं

सुरुवातीला एखादा ठसका सगळ्यांनाच लागतो. पण प्रत्येक घोटाला खोकला, पिऊन झाल्यावर घशात घरघर, दूध वारंवार नाकातून येणं, वजन न वाढणं, किंवा दीड वर्ष उलटूनही ओठ भांड्याला लावताच न येणं, यातलं काही दिसलं तर घरी प्रयत्न करत राहू नका. मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. शक्य असेल तर मूल पीत असतानाचा छोटा व्हिडिओ मोबाइलवर काढून न्या. दवाखान्यात मूल रडत असतं, तिथे ते कसं पितं हे डॉक्टरांना दिसतच नाही.

सगळं सुरळीत झाल्यावरही एखाद्या तापात मूल पुन्हा बाटली मागेल. घरात बाटली नसेल तर ते दोन दिवसांत विसरतं, म्हणून सुटल्यावर बाटल्या घरात ठेवू नका. आजारात पाणी जास्त जायला हवं असतं, तेव्हा फुलपात्राशेजारी चमचाही ठेवा. दर पाच-दहा मिनिटांनी दोन-दोन चमचे, झोपेतून उठल्या उठल्या आणि प्रत्येक शूनंतर.